बायोडेटातलं ‘होमली’

बायोडेटातलं ते ‘होमली’ आधी काढ बघू. स्थळ अमेरिकेतलं आहे आणि मुलगा तिकडेच वाढलाय. आपल्याकडे विवाहविषयक जाहिरातींनी हा शब्द वापरून वापरून गुळगुळीत केला. गृहकृत्यदक्ष, सालस, घरात रमणारी, सगळं त्यात कोंबलं. अमेरिकेत मात्र माणसाला ‘होमली’ म्हटलं की अर्थ एकच, दिसायला बेताची. अब्राहम लिंकनच्या चेहऱ्याला त्याच्या काळातले लोक हेच विशेषण लावत.

हा अर्थ अमेरिकनांनी काढलेला नाही बरं. घरचं ते साधं, साधं ते बिनडामडौलाचं आणि मग रूपाने सुमार, ही घसरण इंग्लंडातच झाली. 1634 साली लडलोच्या किल्ल्यात मिल्टनच्या ‘कोमस’चा प्रयोग झाला, त्यात हा शब्द थेट चेहऱ्यालाच लावलेला आहे. अमेरिकेने तो अर्थ धरून ठेवला. इंग्लंडात पुढे उबदार अर्थ वर आला. टोल्किनच्या ‘द हॉबिट’मध्ये एलरॉन्डच्या घराला हेच विशेषण आहे, आणि त्या घरात दमूनभागून आलेल्यांना पोटभर जेवण, झोप, गाणी, गोष्टी सगळं मिळतं.

म्हणून लंडनला कुणाचं स्वयंपाकघर आवडलं तर खुशाल ‘होमली’ म्हण, घरची बाई सुखावेल. न्यूयॉर्कला तेच सांगायचं तर ‘होमी’ किंवा ‘कोझी’. जेवणाला ‘होम-कुक्ड’ म्हटलं की दोन्हीकडे निभावतं. माणसाला मात्र कुठेच लावू नकोस. आणि शेवटी ‘-ली’ असलं तरी हे विशेषणच. क्रियापदाला जोडू नकोस.

मग बायोडेटात काय लिहायचं? जे आहे ते. रविवारी तू बाबांबरोबर मंडईत जातेस, पुरण स्वतः वाटतेस, आजीला रोज पेपर वाचून दाखवतेस, हे साध्या इंग्रजीत लिही. मला तर हेच जास्त पटतं. ‘होमली’ दहा मुलींबद्दल लिहिलं तरी दहाही सारख्याच वाटतात, एकही डोळ्यांपुढे उभी राहत नाही.

आणि हो, कोपऱ्यावरच्या मेसच्या पाटीवर ‘होमली फूड’ लिहिलंय, ते बदलायला सांगायला जाऊ नकोस. तिथे येणाऱ्या मुलांना त्यातून वरण-भात, पोळी-भाजीच कळते.