तीस मीटर, काळी माती

पेढी नदीच्या पुलापाशी २० डिसेंबर १९५६ला गाडगेबाबांनी देह ठेवला, ते आमचं वलगाव. त्यांच्याच नावाच्या अमरावतीच्या विद्यापीठाकडून खेळायची हौस असलेल्या कॉलेजच्या पोरांची बेसबॉलसाठी शारीरिक क्षमता चाचणी मी बरेच हंगाम घेत आलोय. त्यातून शिकलेल्या या सहा गोष्टी.

१. दमापेक्षा पहिलं पाऊल पाहा. सुरुवातीला मी बारा मिनिटांच्या कूपर चाचणीत पुढे असणाऱ्यांनाच संघात घ्यायचो. पण दोन बेसमधलं अंतर अवघं २७.४३ मीटर. दमदार पोरगा वेगात येईपर्यंत चेंडू पहिल्या बेसवर पोचलेला असायचा. आता ३० मीटरची धाव घेतो आणि तिचे पहिले १० मीटर वेगळे मोजतो.

२. खो-खोच्या पोट्ट्यांना आधी बोलवा. ‘खो’ मिळताच बसल्या जागेवरून झेपावायची सवय त्यांच्या अंगात मुरलेली असते. बेस चोरायला हेच लागतं.

३. माती आणि घड्याळ दोन्ही सांभाळा. आमची जमीन काळी, कपाशीची. पाऊस झाला की बुटाला किलोभर चिखल, उन्हाळ्यात पाय अडकेल एवढ्या भेगा. एका वर्षी निम्म्या पोरांची धाव कोरड्या जमिनीवर झाली, उरलेल्यांची दोन दिवसांनी ओल्या जमिनीवर. स्टॉपवॉचही वेगळ्या माणसाच्या हातात. त्या आकड्यांवर मी एका पोराला वगळलं. तो म्हणाला, “सर, मी तं रोज याच्याहून जोरात पयतो. आजच काहून कमी आलं?” माझ्यापाशी उत्तर नव्हतं. पुढच्या आठवड्यात कोरड्या पट्टीवर तो घेतलेल्या तिघांच्या पुढे निघाला, पण तोवर यादी गेली होती. अजून सल आहे. तेव्हापासून एकच पट्टी, एकच वेळ, घड्याळ धरणारा एकच आणि प्रत्येकाला तीन संधी.

४. हात जपा. भाला फेकणाऱ्यांकडे जरूर लक्ष द्या. रिंकू सिंग आणि दिनेश पटेल हे उत्तर प्रदेशातले भालाफेकपटूच. २००८मध्ये चेंडूफेकीच्या स्पर्धेतून पुढे आले आणि पिट्सबर्ग पायरेट्सनं त्यांच्याशी करार केला. पण फेक मोजायच्या नादात खांदा गरम न करता पूर्ण जोर लावू देऊ नका. आधी जवळून हलके चेंडू, मग अंतर वाढवत न्यायचं. आणि दुखतं का, हे चारचौघांत विचारू नका. संघातून नाव जाईल या भीतीनं पोरं नाहीच म्हणतात. बाजूला नेऊन विचारलं की सांगतात.

५. पोटात काय आहे ते विचारा. पहाटेच्या एसटीनं आलेली खेड्यातली पोरं बरेचदा नुसत्या चहावर असतात. मी मूठभर शेंगदाणे आणि गूळ देतो, तासभर थांबतो, मगच शिट्टी वाजवतो.

६. आकडा पोराला त्याच्याच हातानं लिहू द्या. वहीचं पान त्याचं, शेजाऱ्याचा आकडा त्यावर नाही. मागच्या जुलैत ३० मीटरला ४.९ सेकंद लिहिणाऱ्या एका पोरीनं जानेवारीत ४.६ लिहिलं. पेन खाली ठेवून तिनं विचारलं, “सर, परत एकदा पयू का?”