उडी मारते ती पिसू नव्हे!

(इयत्ता सातवी, विज्ञान मंडळाकडून)



या खेपेला आम्ही ज्या प्राण्याची ओळख करून देणार आहोत, तो तुम्ही सर्वांनी पाहिलेला आहे. पुळणीवर लाटेने आणून टाकलेले शेवाळ पायाने जरा उचकटले, की खालून दहावीस बारीक किडे टणाटण उड्या मारतात. तेच ते! गावात सगळे त्यांना 'वाळूतल्या पिसवा' म्हणतात. आमच्यातल्या एकीची आजी तर नेहमी ओरडते, "तिथं बसू नकोस गो, पिसवा चावतील!"

लेख सुरू करण्याआधी एक चूक कबूल करतो. गेल्या वर्षी श्रमदानाच्या दिवशी आम्ही पुळण साफ केली. बाटल्या, पिशव्या, जाळ्यांचे तुकडे आणि शेवाळ असा सगळ्याचा एकच ढीग केला. ओले शेवाळ पेटेना, म्हणून वर सुकलेल्या झावळ्या टाकल्या. ढीग पेटला, आतून किडे उडू लागले, आणि आम्ही चक्क टाळ्या वाजवल्या. "बरं झालं, पिसवा गेल्या!"

यंदा विज्ञानाच्या तासाला हा विषय निघाला. गुरुजी रागावले नाहीत. त्यांनी हातात भिंग दिले आणि म्हणाले, "आधी पाय मोजा, मग नाव ठेवा. नावं ठेवायची असली तरी पाय मोजूनच ठेवा."

पाय मोजले तेव्हा

शनिवारी सकाळची शाळा सुटल्यावर आम्ही काचेच्या बरणीत ओली वाळू घेतली आणि तीनचार किडे पकडले. पकडणे सोपे नव्हते. हात घालावा तर भलतीकडेच उडी! शेवटी एक शांत बसला आणि आम्ही भिंगातून मोजू लागलो.

पिसू हा कीटक आहे. कीटकाला पायांच्या तीन जोड्या, म्हणजे सहा पाय. आमच्या किड्याच्या छातीवर मात्र सात जोड्या निघाल्या. चौदा पाय! शिवाय मागच्या बाजूला आणखी सहा जोड्या बारीक अवयव. पिसवेला शृंगिकांची, म्हणजे मिशांची, एकच जोडी. याला दोन जोड्या. एवढ्यावर निकाल लागला. हा पिसू नाही, कीटकच नाही. हा कोळंबी आणि कुर्ली यांच्या घराण्यातला, कवचधारी प्राणी आहे. त्याचे शास्त्रीय नाव ॲम्फिपोड.

मग घोटाळा का झाला? पिसू आणि हा, दोघेही दोन्ही बाजूंनी दाबल्यासारखे चपटे असतात आणि दोघेही उडी मारतात. पण पिसू उडते मागच्या पायांच्या जोरावर. हा आपले शेपूट पोटाखाली दुमडून घेतो आणि एकदम ताठ करून वाळूवर आपटतो. बांबूची कांब वाकवून सोडावी तशी ही युक्ती.

शरीररचना

ॲम्फिपोडाचे शरीर तीन भागांचे असते: डोके, वक्ष आणि उदर.

१. डोके. वक्षाचा पहिला खंड डोक्याशी एकजीव झालेला असतो. डोक्यावर शृंगिकांच्या दोन जोड्या. पुळणीवरच्या जातींत पहिली जोडी फार आखूड आणि दुसरी लांब असते. डोळे संयुक्त असतात, पण देठावर नसतात. कुर्लीचे डोळे काडीवर बसवल्यासारखे वर येतात, याचे डोळे डोक्याला चिकटलेले. तोंडाशी जबडे आणि इतर बारीक मुखांगे असतात. ती कुरतडायला आणि चावायला उपयोगी.

२. वक्ष. याचे सात खंड सुटे दिसतात आणि प्रत्येकावर पायांची एक जोडी असते. आई कोळंबी सोलताना डोक्यावरचा टोप एका झटक्यात काढते ना? तसा टोप याला नसतो, म्हणून खंड सरळ मोजता येतात. पहिल्या दोन जोड्यांना चिमटे असतात. पायाचे शेवटचे पेर आधीच्या पेरावर मिटते, चाकूचे पाते मुठीत मिटावे तसे. पुष्कळ जातींत नराचा दुसरा चिमटा बराच मोठा असतो. त्यापुढच्या दोन जोड्या एका दिशेला वळलेल्या, आणि शेवटच्या तीन जोड्या उलट दिशेला! यावरूनच नाव पडले. ग्रीक भाषेत 'ॲम्फि' म्हणजे दोन्हीकडे आणि 'पोड' म्हणजे पाय. हे नाव फ्रेंच शास्त्रज्ञ लात्रेय यांनी 1816 साली दिले.

पायांच्या मुळाशी आतल्या बाजूला कल्ले असतात. हृदयही वक्षातच, पाठीच्या बाजूला असते. अंग पारदर्शक असलेल्या जातींत ते धडधडताना दिसते.

३. उदर. याचे सहा खंड. पहिल्या तीन खंडांवर पोहायचे पाय, त्यांना बारीक केसांची झालर. नंतरच्या तीन खंडांवर आखूड, कडक पाय, ते ढकलायला आणि उडी मारायला. सर्वांत शेवटी लहानसा पुच्छखंड.

हे सगळे एका तांदळाच्या दाण्याएवढ्या देहात! बहुतेक ॲम्फिपोड एक सेंटिमीटरच्या आतबाहेर असतात. पण खोल समुद्रातली अलिसेला जायगँटिया ही जात 34 सेंटिमीटरपर्यंत वाढते. म्हणजे आपल्या फूटपट्टीपेक्षाही लांब.

पोटाशी पिशवी

आता जे सांगतो, ते वाचून आम्ही सगळे गप्प झालो होतो.

कुर्लीची आणि कोळंबीची पिल्ले आईबापांसारखी दिसत नाहीत. ती पाण्यावर तरंगत राहतात आणि रूप बदलत बदलत मोठी होतात. ॲम्फिपोडाचे तसे नाही. मादीच्या पायांच्या मुळांपासून पातळ पापुद्रे निघतात आणि त्यांची छातीखाली एक पिशवी तयार होते. मादी अंडी त्या पिशवीत ठेवते. पिल्ले तिथेच फुटतात आणि बाहेर येतात ती आईची लहान प्रतिकृती होऊन. पुढे कात टाकत टाकत वाढतात.

गेल्या वर्षीच्या त्या ढिगात पोटाशी पिशवी घेतलेल्या माद्याही असणार. ते आम्हाला त्या दिवशी ठाऊक नव्हते.

घराणे आणि भाऊबंद

माणसाचे गाव, घर, आडनाव सांगतात, तसे प्राण्याचे वर्गीकरण सांगतात. आमच्या किड्याची वंशावळ अशी:

संघ: संधिपाद (सांधे असलेले पाय)
उपसंघ: कवचधारी
वर्ग: मॅलाकॉस्ट्राका
अधिगण: पेराकॅरिडा
गण: ॲम्फिपोडा
कुल: टॅलिट्रिडी

पेराकॅरिडा या नावाचा अर्थ मजेदार आहे. 'पेरा' म्हणजे पिशवी आणि 'कॅरिड' म्हणजे कोळंबी. पिशवीवाली कोळंबी!

याच अधिगणात आयसोपोड नावाचा दुसरा गण आहे. धक्क्यावर आणि खडकांवर झुरळासारखे सुळकन पळणारे किडे आयसोपोडच. दोघांत फरक कसा करायचा? आयसोपोड वरून दाबल्यासारखा चपटा, ॲम्फिपोड बाजूने दाबल्यासारखा. आयसोपोडाचे कल्ले उदराच्या पायांवर, ॲम्फिपोडाचे वक्षाच्या पायांशी.

ॲम्फिपोडांच्या दहा हजारांहून अधिक जाती माहीत झाल्या आहेत. बहुतेक समुद्रात, काही गोड्या पाण्यात, थोड्या जमिनीवर. त्यांतले काही भाऊबंद पाहा:

काटकुळे: यांना कॅप्रेलिड म्हणतात. अंग काडीसारखे, उदर जवळजवळ नाहीसे झालेले. शेवाळाच्या फांदीला धरून डुलत बसतात.

देवमाशाच्या उवा: नाव उवा, पण याही ॲम्फिपोडच. देवमाशाच्या कातडीला घट्ट धरून राहतात. म्हणजे नावाने फसलेले आपण एकटेच नाही.

मोठ्या डोळ्यांचे: यांना हायपेरिड म्हणतात. जेलीफिशसारख्या प्राण्यांच्या आधाराने उघड्या समुद्रात फिरतात.

घर बांधणारे: चिखलाची किंवा शेवाळाच्या तुकड्यांची नळी करून तीत राहतात.

पूर्वी या गणाचे चार उपगण मानत. पुढे लॉरी आणि मायर्स या दोन शास्त्रज्ञांनी शेपटाकडच्या पायांच्या टोकांवरचे बारीक काटे तपासून 2013 मध्ये सेंटिकॉडाटा हा नवा उपगण केला आणि 2017 मध्ये सहा उपगणांची मांडणी केली. त्यामुळे आपले पुळणीवरचे किडे, ते काटकुळे आणि देवमाशाच्या उवा हे सगळे आता एकाच उपगणात बसतात. दिसायला एकमेकांसारखे मुळीच नाहीत, पण शेपटीच्या काट्यांनी नाते उघडे केले.

चावतात का?

पालकांचा पहिला प्रश्न हाच असणार. पुळणीवर उड्या मारणाऱ्या जाती सडके शेवाळ खातात. रक्त शोषायला लागणारी सोंड त्यांना नसते. संध्याकाळी पायाला खाज सुटते ती डास आणि चावऱ्या चिलटांमुळे. आळ मात्र येतो यांच्यावर, कारण हे डोळ्यांना दिसतात.

खरे ते सांगायला हवे, म्हणून हेही लिहितो. 2017 मध्ये ऑस्ट्रेलियात मेलबर्नजवळ एक मुलगा गार समुद्रात बराच वेळ पाय बुडवून उभा होता. त्याचे पाय बारीक बारीक चाव्यांनी रक्ताळले. तज्ज्ञांनी तपासले तेव्हा ते मेलेले मासे खाणारे समुद्रातले ॲम्फिपोड निघाले. ते कुल वेगळे. वर्गीकरण शिकायचे ते यासाठीच. एका भावाची चूक दुसऱ्याच्या माथी मारू नये.

त्यांचे काम

दिवसा हे किडे ओल्या वाळूत किंवा शेवाळाखाली राहतात, नाहीतर उन्हाने सुकून मरतील. रात्री बाहेर पडून खातात. शेवाळ कुरतडले की त्याचे बारीक खत होते आणि ते वाळूत मुरते. पुळणीच्या वरच्या अंगाला वाळू धरून ठेवणारी मर्यादवेल असते, तिला असे खत मिळते. चिखल्या आणि तुतवार यांसारखे पक्षी भरतीच्या रेघेवर टिपत फिरतात, त्यांना हे खाद्य मिळते. म्हणजे श्रमदान ते रोज रात्री करतात, तेही हजेरीपटाशिवाय!

शिवाय त्यांना दिशा कळते. इटलीतले पार्दी आणि पापी या शास्त्रज्ञांनी 1952 च्या सुमारास टॅलिट्रस सॉल्टेटर या जातीवर प्रयोग केले. किडे कोरड्या भांड्यात ठेवले, भोवतालचे काही दिसू दिले नाही, फक्त आकाश. तरी ते आपल्या पुळणीवरून समुद्र ज्या दिशेला असतो त्याच दिशेला निघाले. पश्चिम किनाऱ्याचे पश्चिमेकडे, पूर्व किनाऱ्याचे पूर्वेकडे. आरशाने सूर्याची जागा बदलून दाखवली, तर त्यांची दिशाही बदलली. म्हणजे ते सूर्य पाहून वाट ओळखत होते. रात्री ते चंद्राचा उपयोग करतात.

मग कचरा कोणता?

2020 साली एका नव्या ॲम्फिपोडाचे नाव जाहीर झाले. तो पॅसिफिक महासागरात मारियाना गर्तेत, सहा हजार मीटरपेक्षा खोल जागी सापडला. त्याच्या पोटात प्लॅस्टिकचा तंतू होता. म्हणून शास्त्रज्ञांनी मुद्दाम त्याचे नाव ठेवले 'युरिथेनिस प्लॅस्टिकस'. माणसाचे पाऊल जिथे पडत नाही, तिथे माणसाची पिशवी पोचली!

हे वाचल्यावर आम्हाला आमचा तो ढीग आठवला. समुद्राने दिलेले आणि आपण टाकलेले, दोन्ही आम्ही एकत्र जाळले होते. म्हणून यंदाच्या श्रमदानासाठी सातवीने ठराव केला आहे:

बाटली, पिशवी, जाळ्याचा तुकडा उचलायचा. त्यात शेवाळ अडकले असेल तर तिथेच झटकायचे. शेवाळ पेटवायचे नाही.

"पण वास येतो त्याचं काय?" असे एका काकांनी विचारले. त्यांचे म्हणणे खोटे नाही. होड्या ओढायच्या जागी ढीग पडला तर तो बाजूला सारावा, पण पुळणीवरच राहू द्यावा. खाणारे रात्री येतात.

आजीला आम्ही बरणी आणि भिंग नेऊन दाखवले. तिने एक डोळा मिटून बराच वेळ पाहिले. मग म्हणाली, "अगो, ही तर कोळंबीच! आणि पोटाशी काय घेतलंय हिनं?" आम्ही सांगितले. आजीने बरणी आमच्या हातात दिली आणि म्हणाली, "मग आधी जा नि सोडून या तिला."

आम्ही सोडून आलो. ती एकच उडी मारून शेवाळाखाली गेली.

करून पाहा

१. ओल्या वाळूच्या बरणीत एक किडा घ्या, पाय मोजा, चित्र काढा आणि अर्ध्या तासात जिथल्या तिथे सोडा.
२. ओहोटीला खडकातले हिरवे शेवाळ समुद्राच्या पाण्यात बशीत झटका. कुशीवर सरपटणारे ॲम्फिपोड दिसतात का पाहा.
३. घरी कोळंबी आणली तर तिचे डोळे, टोप आणि पाय पाहा. ॲम्फिपोडाशी तीन फरक लिहा.
४. घरच्या मोठ्यांना विचारा: नावामुळे ज्याच्यावर आळ आला असा आणखी कोणता प्राणी आपल्या गावात आहे? उत्तरे पुढच्या अंकासाठी द्या.