शिट्टी कोणाच्या हाती?



गेल्या मे महिन्यात आपल्या धर्मग्रामात बारा वर्षांखालील मुलांचे आळीवार फुटबॉल सामने झाले. त्यांचा निकाल आपण याच पत्रकात वाचला आहे. जे त्या वेळी छापले नाही ते आज लिहीत आहोत.

उपांत्य सामन्याचा पंच आपल्याच युवा संघटनेतला, अकरावीत शिकणारा मुलगा होता. सामना संपायला चार-पाच मिनिटे राहिली असताना त्याने ऑफसाईडची शिट्टी वाजवून एक गोल नाकारला. मैदानाच्या कडेला आरडाओरडा सुरू झाला. एका खेळाडूचे वडील थेट मैदानात शिरले. पंचाच्या छातीवर बोट रोखून त्यांनी त्याला, त्याच्या आईवडिलांना आणि त्याच्या आळीला नको नको ते ऐकवले. सामना कसाबसा पूर्ण झाला. दुसऱ्या दिवशी सकाळच्या मिस्सानंतर तो मुलगा सॅक्रिस्टीत आला, शिट्टी आणि दोन कार्डे टेबलावर ठेवली आणि म्हणाला, "फादर, पुढच्या वर्षी दुसरा कोणीतरी बघा."

आम्ही त्याला काय सांगणार? ओरडणाऱ्यांत आम्हीही होतो. मैदानात शिरलो नाही, एवढेच. "अरे, ऑफसाईड कसा?" असे आम्ही खुर्चीतून उठून मोठ्याने विचारले होते, आणि खुद्द फादरच विचारतात म्हटल्यावर इतरांना जणू परवानाच मिळाला. तेव्हा हा पाठ आधी आमच्यासाठी आहे, मग तुमच्यासाठी.

प्रथम खेळाविषयी थोडेसे. ऑफसाईड ठरवताना पंचाला एकाच क्षणी दोन जागा पाहाव्या लागतात. सोबत्याच्या पायातून चेंडू सुटतो तो क्षण, आणि त्याच क्षणी पुढचा खेळाडू चेंडूच्या आणि प्रतिस्पर्ध्यांपैकी शेवटून दुसऱ्याच्या पुढे आहे की नाही ते. हे नीट दिसते ते त्या खेळाडूंच्या अगदी समरेषेत उभ्या असलेल्या माणसाला. आमची खुर्ची मध्यरेषेजवळ होती, म्हणजे आम्हाला सगळे तिरपे दिसत होते. मोठ्या सामन्यांत दोन्ही कडांना झेंडा घेऊन सहायक धावतात. आपल्या सामन्यांत एकच मुलगा आणि त्याचे दोन डोळे. टीव्हीवर हेच दृश्य थांबवून, रेघा ओढून दाखवतात आणि घरी बसलेल्या आपल्याला वाटू लागते की आपली नजर फार तीक्ष्ण आहे.

त्या दिवशी इतरही बऱ्याच आरोळ्या ऐकू आल्या. थ्रो-इनवरून आलेल्या चेंडूला "ऑफसाईड!" म्हणून ओरडणारे होते. थ्रो-इन, गोलकिक आणि कॉर्नर यांतून थेट चेंडू मिळाला तर ऑफसाईड होतच नाही. चेंडू हाताला लागला की प्रत्येक वेळी "हँड!" झाले, पण हाताला झालेला प्रत्येक स्पर्श नियमभंग नसतो. फाऊल होऊनही पंचाने दोन्ही हात पुढे करून खेळ चालू ठेवला, तेव्हा "आंधळा आहे का?" असा प्रश्न आला. खरे तर त्याने फाऊल पाहिला होता. ज्याच्यावर फाऊल झाला त्याच्याच संघाकडे चेंडू राहत होता, म्हणून त्याने त्यांचा फायदा जाऊ दिला नाही. या मुलाने नियमांचे पुस्तक वाचले होते, आम्ही वाचले नव्हते.

सेमिनरीत तत्त्वज्ञान शिकताना संत थॉमस अक्वायनस यांचा न्यायनिवाड्यावरील भाग आम्ही परीक्षेपुरता पाठ केला होता. परवा तो पुन्हा उघडला. निवाडा योग्य ठरण्यासाठी ते तीन गोष्टी सांगतात. तो न्यायबुद्धीतून आलेला असावा. निवाडा करणाऱ्याला तसा अधिकार असावा. आणि तो विवेकाने, खात्रीच्या गोष्टीवर बेतलेला असावा. पहिली नसेल तर निवाडा अन्यायाचा होतो, दुसरी नसेल तर तो बळकावलेला असतो, तिसरी नसेल तर उतावीळ.

आता मैदानाच्या कडेला उभ्या असलेल्या बापाला या तीन कसोट्या लावून पाहा. पोटचा मुलगा खेळत असताना मन निःपक्ष राहील, असे कोणी आई-बाप शपथेवर सांगणार नाहीत. अधिकार त्याला कोणी दिलेला नाही. आणि जिथून तो पाहतो तिथून खात्री होणे कठीण. म्हणजे तिन्ही विषयांत नापास, तरी निकाल सर्वांत मोठ्या आवाजात त्याचाच. पंच चुकू शकतो हे खरेच. पण चुकला तरी तो नेमलेला आहे, दोन्ही संघांनी त्याला मानून खेळ सुरू केला आहे, आणि त्याला कोणाच्याही जिंकण्या-हरण्यात रस नाही. शंका असेल तिथे समोरच्याच्या बाजूने अर्थ लावावा असेही थॉमस म्हणतात. वाईट माणसाविषयी चांगला ग्रह करून वारंवार फसलो तरी चालेल, पण चांगल्या माणसाविषयी वाईट ग्रह करून क्वचितही चुकू नये, असा त्यांचा कल आहे. अकरावीतल्या मुलाच्या बाबतीत एवढे औदार्य आपल्याला जमायला हवे होते.

"फादर, खेळात थोडे होतेच, एवढे काय मनावर घ्यायचे?" असे काहींनी आम्हाला विचारले. त्यांच्यासाठी एक घटना सांगतो. नेदरलँड्समध्ये ॲमस्टरडॅमजवळ अल्मेरे नावाचे शहर आहे. तेथे डिसेंबर २०१२ मध्ये किशोरवयीन मुलांच्या एका सामन्यात एक एक्केचाळीस वर्षांचे गृहस्थ लाईनमनचे काम करत होते. पगारी नव्हे. मुलगा त्या संघात खेळतो म्हणून झेंडा हाती घेतलेले एक वडील. सामन्यानंतर प्रतिस्पर्धी संघातल्या मुलांनी त्यांना खाली पाडून लाथांनी मारले. दुसऱ्या दिवशी ते वारले. पुढच्या शनिवार-रविवारी तेथील फुटबॉल संघटनेने देशभरातले हौशी सामने रद्द केले. २०१३ मध्ये न्यायालयाने दोषी ठरवलेल्यांत किशोरवयीन खेळाडू होते, आणि त्यांच्यापैकी एकाचे वडीलही होते.

आपले मैदान म्हणजे अल्मेरे नव्हे, हे आम्हाला कळते. पण लाथ मारणाऱ्या त्या मुलांनी पंचाला तुच्छ मानायला त्याच दिवशी सुरुवात केली असेल, असे आम्हाला वाटत नाही. मुले नियम पुस्तकातून शिकत नाहीत, कडेला उभ्या असलेल्या मोठ्यांकडे पाहून शिकतात.

आता शिक्षेविषयी. पिवळे आणि लाल कार्ड फुटबॉलमध्ये पहिल्यापासून होते असा अनेकांचा समज आहे. तसे नाही. केन ॲस्टन नावाचे एक इंग्रज शिक्षक आंतरराष्ट्रीय पंचही होते. १९६२ मध्ये चिलीत झालेल्या विश्वचषकात चिली विरुद्ध इटली हा सामना त्यांच्याकडे होता. त्यात इतकी हाणामारी झाली की मैदानात पोलीस आणावे लागले. १९६६ मध्ये इंग्लंड आणि अर्जेंटिना यांच्या सामन्यात जर्मन पंचाने अर्जेंटिनाच्या कर्णधाराला, रातीन याला, बाहेर जायला सांगितले. पंचाला स्पॅनिश येत नव्हते, कर्णधाराला जर्मन येत नव्हते, आणि तो कितीतरी वेळ जागचा हलेना. तेव्हा पंचांची जबाबदारी ॲस्टन यांच्याकडे होती. त्यानंतर लंडनमध्ये गाडी चालवताना सिग्नलच्या दिव्यांकडे पाहून त्यांना युक्ती सुचली: पिवळा म्हणजे सांभाळ, लाल म्हणजे थांब. १९७० च्या मेक्सिकोतील विश्वचषकात कार्डे प्रथम वापरली गेली.

या गोष्टीत आम्हाला आवडते ते हे की कार्ड कोणाला लाजवण्यासाठी जन्मले नाही. काय चुकले आणि पुढे काय होईल हे ज्याला सांगायचे त्याला नीट कळावे, म्हणून ते आले. घरात आपण उलटे करतो. चार वेळा दुर्लक्ष करतो आणि पाचव्या वेळी एकदम हात उचलतो. पोराला कळतच नाही की पिवळे कधी दाखवले होते.

प्रभू येशूने चुकलेल्या भावाविषयी जी रीत घालून दिली ती मत्तयच्या शुभवर्तमानात आहे (मत्तय १८:१५-१७). आधी एकांतात बोल, मग एक-दोन साक्षीदार घेऊन जा, मग मंडळीपुढे ने, आणि तेही ऐकले नाही तर वेगळा ठेव. चांगला पंचही याच पायऱ्या चढतो. आधी धावता धावता हळूच एक शब्द, मग पिवळे कार्ड, मग लाल. पायरी गाळायची वेळ येते, पण ती गंभीर अपराधाला. शिवाय प्रभूच्या त्या पाठात अगोदर हरवलेल्या मेंढराची गोष्ट आहे आणि नंतर किती वेळा क्षमा करावी हा पेत्राचा प्रश्न आहे. मधल्या ओळी तेवढ्याच काढून वाचल्या तर त्या नुसत्या हकालपट्टीच्या वाटतात.

मुलांच्या फुटबॉलसाठी अलीकडे एक सोय झाली आहे. फुटबॉलचे नियम ठरवणाऱ्या मंडळाने २०१७ पासून लहान मुलांच्या आणि हौशी सामन्यांत खेळाडूला काही मिनिटांपुरते बाहेर बसवण्याची मुभा दिली. इंग्लंडमध्ये २०१९-२० च्या हंगामापासून पंचाशी उद्धट बोलणाऱ्या हौशी खेळाडूला नव्वद मिनिटांच्या सामन्यात दहा मिनिटे बाहेर बसावे लागते. या जागेला ते लोक 'सिन बिन' म्हणतात, म्हणजे शब्दशः पापाची पेटी. (पापनिवेदनाच्या पेटीशी तिचा संबंध नाही, पण दोन्हीकडून माणूस परत येतो, हे साम्य आहे.) बारा वर्षांच्या मुलाला लाल कार्ड दाखवून घरी पाठवले तर तो रागच घेऊन जातो. पाच मिनिटे बाकावर बसवले तर तो घाम पुसतो, पाणी पितो, आपल्या संघाला एक गडी कमी पडलेला पाहतो आणि मग त्याच सामन्यात परत उतरतो.

एक रास्त आक्षेप उरतो. पंच खरोखरच चुकला तर मुलांनी अन्याय मुकाट्याने गिळायचा का? आम्ही दोन गोष्टी वेगळ्या करतो. गोल झाला की नाही, चेंडू बाहेर गेला की नाही, अशा खेळातल्या घटनांवर पंचाचा शब्द अखेरचा, असे नियमच सांगतो. खेळ पुन्हा सुरू झाल्यावर तो निर्णय स्वतः पंचालाही बदलता येत नाही. त्यामुळे नंतरचा आरडाओरडा अन्याय दूर करत नाही, फक्त पुढच्या शिट्टीच्या वेळी मुलाचा हात कापायला लावतो. कर्णधाराने नम्रपणे विचारणे, सामन्यानंतर समितीला लिहून देणे, हे मार्ग आहेत आणि ते वापरावेत. पण पंच, प्रशिक्षक किंवा धर्मगुरू, कोणीही मुलाला मारले, अपमानित केले, त्याच्याशी गैर वागले, तर ती खेळातली घटना नव्हे. तेथे अधिकाराचा मान राखून गप्प बसू नका, त्याच दिवशी बोला. गप्प बसण्याची किंमत ख्रिस्तसभेने फार मोठी मोजली आहे.

संत जॉन बॉस्को तुरिनमध्ये मुलांबरोबर अंगणात असत. अपराध झाल्यावर शिक्षा करण्यापेक्षा, तो घडण्याआधी मुलांत असावे, आणि विवेक, धर्म व वात्सल्य यांच्या आधारे त्यांना वळण लावावे, ही त्यांची पद्धत. आम्ही मात्र खुर्चीत होतो.

यंदाच्या सामन्यांसाठी क्रीडा समितीशी बोलून काही गोष्टी ठरवल्या आहेत. प्रेक्षक कडेच्या रेषेपासून दोन मीटर मागे, दोरीच्या पलीकडे बसतील. आमची खुर्चीही तिथेच. पंचाशी फक्त कर्णधार बोलेल. उद्धट बोलणारा खेळाडू पाच मिनिटे बाकावर बसेल. पालक मैदानात शिरले तर सामना तिथेच थांबेल आणि मुलांना का थांबला ते सांगितले जाईल. पुढच्या रविवारी दुसऱ्या मिस्सानंतर शाळेच्या हॉलमध्ये पालकांसाठी तासभर नियमांचा वर्ग आहे. ज्यांना सगळे नियम माहीत आहेत त्यांनी अवश्य यावे.

ते वडील नंतर आम्हाला येऊन भेटले आणि माफी मागितली. ते कोण, हे कोणी विचारू नये. आम्ही त्यांना एवढेच म्हणालो की शिट्टी आमच्या हातात नव्हती. आम्ही स्वतः त्या मुलाच्या घरी जाऊन आलो, आमच्यापुरती माफी मागितली. त्याच्या आईने चहा दिला. तो म्हणाला, विचार करून सांगतो. त्याचे उत्तर अजून आलेले नाही. शिट्टी आणि दोन्ही कार्डे ऑफिसातल्या खणात ठेवली आहेत.