अवर्षण आणि अश्वगंधेचे वीर्य

“कोरडवाहू माल आहे, पाणी न दिलेला, म्हणून अधिक वीर्यवान” अशी ग्वाही अश्वगंधेच्या खरेदीवेळी फार्मसीचालकांना नेहमी मिळते. गेल्या हंगामात आम्हालाही मिळाली. हाती आली ती सुतळीसारखी बारीक, तंतुमय मुळे. भाव मात्र जाड मुळांचा. या दाव्यात तथ्य किती, हे पाहणे आवश्यक वाटले.

अश्वगंधा मुळातच कमी पावसाचे पीक आहे. मध्य प्रदेशातील नीमच-मंदसौर भागात ते हलक्या जमिनीत, बहुधा पावसाच्या ओलीवर घेतात. ओल घटली की वनस्पती पर्णरंध्रे मिटते. पाणी वाचते, परंतु कर्बवायूचा प्रवेशही मंदावतो. ऊन पानावर पडतच असते; शर्करानिर्मितीत खर्च न झालेली ऊर्जा प्राणवायूकडे वळते आणि सुपरऑक्साइड, हायड्रोजन पेरॉक्साइड यांसारखी पेशीनाशक द्रव्ये उत्पन्न होतात. त्यांच्या निवारणार्थ सुपरऑक्साइड डिसम्युटेज, कॅटालेज आदी विकरे तसेच क जीवनसत्त्व व ग्लुटाथायोन कार्यरत होतात. शिल्लक क्षपणशक्तीचा काही भाग फिनॉल व टर्पिन वर्गातील द्रव्यांच्या निर्मितीत खर्ची पडतो, असेही मानले जाते. विथॅनोलाइड्स टर्पिनमार्गानेच तयार होतात. व्यापाऱ्याच्या म्हणण्याला एवढा आधार निश्चित आहे.

परंतु शेकडा प्रमाण वाढणे आणि द्रव्य अधिक निर्माण होणे या भिन्न गोष्टी आहेत. समजा, पुरेशी ओल मिळालेल्या रोपाचे वाळलेले मूळ ४ ग्रॅम भरले व त्यात ०.४ टक्के विथॅनोलाइड्स आहेत. म्हणजे १६ मिलिग्रॅम. अवर्षणातील मूळ २.५ ग्रॅम व प्रमाण ०.५ टक्के धरल्यास १२.५ मिलिग्रॅम. प्रमाण वाढले, निर्मिती घटली. पिष्ट कमी साठल्याने भाजक लहान झाला, इतकेच. तरीही ३ ग्रॅम चूर्णाच्या मात्रेत रुग्णाला १२ ऐवजी १५ मिलिग्रॅम मिळतील, हे वैद्याने विसरू नये. शिवाय बल्य व बृंहण कर्माचे सर्व श्रेय विथॅनोलाइड्सना देणे आम्हास मान्य नाही. ज्या मुळाचे स्वतःचेच पोषण झाले नाही, ते बृंहणार्थ श्रेष्ठ कसे म्हणावे?

ताण तीव्र व दीर्घ झाला तर विकरांची शक्ती अपुरी पडते, पेशींच्या आवरणातील स्नेहांश ऑक्सिडीकरणाने नष्ट होऊ लागतो आणि वाढलेले प्रमाणही टिकेल याची शाश्वती राहत नाही. चरकसंहितेच्या कल्पस्थानात ग्राह्य द्रव्य आतप, अग्नी, जल, वायू व जंतू यांनी न बिघडलेले असावे, असे सांगितले आहे. अतिशुष्कतेने होरपळलेल्या मुळाला हा निकष लावण्यास हरकत नसावी.

आणखी एक बाब सहसा दुर्लक्षिली जाते. खणल्यानंतरही मूळ काही काळ जिवंत असते. सुकण्याची क्रिया हाही त्याच्या दृष्टीने जलाभावाचा ताणच. म्हणून एकाच शेतातील माल वाळविण्याच्या पद्धतीनुसार भिन्न निघू शकतो.

फार्मसीचालकांनी “कोरडवाहू” या शब्दासाठी अधिक भाव देऊ नये. प्रत्येक खेपेचा आर्द्रतांश, मद्यार्कविलेय अंश व एचपीएलसी पद्धतीने काढलेले विथॅनोलाइड्सचे प्रमाण शुष्क भारावर मागावे, आणि मूळ मोडून पाहावे. आमच्याकडील मुळे मोडताना तुटली नाहीत, तंतूंनी लोंबत राहिली. ती खेप आम्ही परत पाठविली.