रिक्षाचा हप्ता आणि रस्त्यावरचं पाणी
(गटाच्या बैठकीत वाचण्यासाठी पाठ : गाडीची निगा)



या वेळचा पाठ गाडीवर आहे. "आमच्याकडे कुठली गाडी?" असं म्हणून पान उलटू नका. आपल्या गटांच्या कर्जाच्या नोंदी उघडून बघा. कुणी मुलाच्या टेम्पोसाठी कर्ज घेतलंय, कुणी नवऱ्याच्या वडापच्या जीपसाठी, कुणी मुंबईत रिक्षा चालवणाऱ्या दिरासाठी. काही जणी स्वतःच हँडल धरायला शिकल्यात. गाडी दारात असो की अंधेरीत, हप्ता गटाच्या वहीत असतो. गाडी बंद पडली की हप्ता थांबतो आणि त्याची झळ दहा-बारा जणींना लागते.

आमच्या घरात हेच घडलं, म्हणून सांगते. मी संगमेश्वर तालुक्यातली. आता अंधेरी पूर्वेला, मरोळ-साकीनाका भागात सीएनजी रिक्षा चालवते. बँकेचं कर्ज झालं, पण आधी भरायची रक्कम कमी पडत होती. गावाकडच्या गटातून जाऊबाईंनी ४०,००० रुपये अंतर्गत कर्ज उचललं आणि मला दिलं. पहिले अकरा हप्ते वेळेवर गेले. मग जुलै आला.

त्या दिवशी पावसाने अंधेरीचा भुयारी मार्ग बंद झालेला. मी आतल्या गल्लीतून रिक्षा काढली. पाणी पाय ठेवायच्या पत्र्याला लागलं आणि इंजिन बंद पडलं. घाबरून मी स्टार्टरचं बटण पुन्हा पुन्हा दाबत राहिले, सात-आठ वेळा तरी. पाण्याने बंद पडलेलं इंजिन बटणाने मोडलं ते असं. इंजिनच्या आत पिस्टन हवा दाबतो. हवा दाबली जाते, पाणी दाबलं जात नाही. आत पाणी शिरलेलं असताना इंजिन फिरवलं की पिस्टनचा दांडा वाकतो. रिक्षा एकोणीस दिवस गॅरेजमध्ये उभी राहिली. पंधरा हजारांच्या वर खर्च आला. गटाचे दोन हप्ते चुकले आणि बैठकीत मान खाली घालून बसावं लागलं ते जाऊबाईंना. मी तर तिथे नव्हतेच.

तेव्हापासून जे शिकले ते तुमच्यापुढे मांडते.

१) रोजची पंचसूत्री

आपल्या गटाला पंचसूत्री आहे : बैठक, बचत, अंतर्गत कर्ज, परतफेड, लेखे. गाडीलाही तशीच आहे : हवा, तेल, ब्रेक, दिवे, गळती. सकाळी पाच मिनिटं पुरतात.

हवा : तिन्ही चाकं डोळ्याने आणि हाताने बघा, आठवड्यातून एकदा पंपावर मोजून घ्या. स्टेपनीतली हवा विसरू नका. गरज पडते तेव्हाच ती बसलेली सापडते.
तेल : गाडी सपाट जागी उभी करून तेलाची पट्टी बाहेर काढा, पुसा, पुन्हा घाला आणि मग खूण बघा.
ब्रेक : गाडी निघाल्यावर पहिल्या दहा पावलांत हळू वेगात एकदा दाबून बघा. गर्दीत शिरल्यावर कळून उपयोग नाही.
दिवे : पुढचा, मागचा, ब्रेकचा आणि इंडिकेटर.
गळती : गाडी हलवल्यावर रात्री उभी होती ती जमीन बघा. तेलाचा डाग दिसला तर आजच दाखवा.

२) गाडी बोलते, ऐकायला शिका

दुधाला उकळी येतेय हे आपल्याला स्वयंपाकघराबाहेरून कळतं. गाडीचंही तसंच आहे, सवयीने कान तयार होतो.

• बटण दाबल्यावर नुसतं "टक टक" आणि इंजिन फिरत नाही : बहुतेक वेळा बॅटरी उतरलेली असते किंवा तिच्या टोकांवर पांढरा-हिरवा थर साचलेला असतो. थर साफ करून तारा घट्ट केल्या तरी पुष्कळदा काम होतं. नवी बॅटरी घेण्याआधी एवढं करून घ्या.
• चढावर गाडी झटके देते : प्लग किंवा हवेचा फिल्टर बघायला सांगा. सीएनजी रिक्षाला पेट्रोलची छोटी टाकी असते. पेट्रोलवर नीट चालते आणि गॅसवर अडखळते, असं असेल तर ते मेकॅनिकला आवर्जून सांगा. त्याचा अर्धा शोध वाचतो.
• ब्रेक मारताना खरखर : लायनर झिजलेत. लायनर स्वस्त, ड्रम महाग. उशीर केला की दोन्ही बदलावे लागतात.
• धूर निळसर : इंजिन तेल जाळतंय. धूर काळा : इंधन नीट जळत नाही.
• जळका वास : क्लच तापलाय. घाटकोपरला असल्फ्याच्या चढावर गर्दीत कित्येक जण अर्धा क्लच धरून गाडी अडकवून ठेवतात. चढावर थांबायचं तर ब्रेकवर थांबा.

गावाकडच्या जीप-टेम्पोसाठी एक सूचना. इंजिन तापून वाफ येत असेल तर रेडिएटरचं झाकण लगेच उघडू नका, उकळतं पाणी तोंडावर उडतं. गाडी बंद करा, पूर्ण निवू द्या. तापलेल्या इंजिनवर गार पाणीही ओतू नका.

३) पाणी साचलं तर

२६ जुलै २००५ मुंबईत कुणी विसरलेलं नाही. सांताक्रूझच्या वेधशाळेत २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस मोजला गेला. त्याच दिवशी कुलाब्याला शंभर मिलिमीटरसुद्धा झाला नाही. शहर एकच, पाऊस वेगळा. म्हणून बोरिवलीत उघडलंय तर अंधेरीतही उघडलं असेल असं धरून निघू नका. त्या दिवशी काही माणसं स्वतःच्या बंद मोटारीत अडकून गुदमरून गेली, काचा उघडल्याच नाहीत. गाडी पुन्हा घेता येते, हे मनात पक्कं ठेवा.

मुंबईत भरतीची वेळ आणि जोराचा पाऊस एकत्र आले की पाणी समुद्रात जात नाही, सखल भागात तुंबतं. पावसाळ्यात मी सकाळी भरतीची वेळ बघूनच निघते. गावाकडे हाच नियम फरशीला आणि कॉजवेला लावा. वाहत्या पाण्यात जड जीपही तरंगते आणि सरकते.

• पाणी चाकाच्या मधोमध पोहोचेल असं वाटलं तर शिरू नका. थांबा, भाडं सोडा. ते वीस-पंचवीस मिनिटांत दुसरं मिळेल.
• शिरावंच लागलं तर पहिल्या गिअरमध्ये, एकसारख्या वेगाने जा. मध्येच थांबू नका.
• पाण्यात इंजिन बंद पडलं तर पुन्हा चालू करू नका. एकदाही नाही. न्यूट्रल करून ढकलत उंचावर न्या आणि मेकॅनिकला बोलवा.
• पाण्यातून सुखरूप बाहेर आलात तर हळू चालवत ब्रेक चार-पाच वेळा हलके दाबा. ओले लायनर धरत नाहीत.
• पाणी वाढतंय आणि माणसं आत आहेत, तर आधी माणसं बाहेर काढा.

४) गॅसची काळजी

सीएनजीच्या टाकीत सुमारे २०० बार दाब असतो. टायरमधल्या हवेच्या साधारण शंभरपट. म्हणून टाकीची हायड्रो टेस्ट दर ३ वर्षांनी करावीच लागते. तारीख टाकीच्या पाटीवर असते. ती उलटली की पंपावर गॅस भरून देत नाहीत आणि धंदा तिथेच थांबतो.

गॅस भरताना इंजिन बंद, मोबाइल बंद, प्रवासी खाली. वास आला तर गाडी बंद करा, माणसं उतरवा, टाकीचा व्हॉल्व्ह बंद करा, काडी-बिडी लांब ठेवा. सीएनजी हवेपेक्षा हलका असतो, उघड्यावर वर निघून जातो. पण बंद शेडमध्ये छताखाली साठतो, म्हणून गळकी गाडी आत लावू नका.

५) कागद म्हणजे गाडीचा लेखा

गटाची वही अपुरी असली की लेखापरीक्षणात अडकतो, तसंच रस्त्यावर. चार तारखा एका कागदावर लिहून देवघराजवळ चिकटवा : विमा, पासिंग, पीयूसी, हायड्रो टेस्ट. रिक्षा-टेम्पोसारख्या धंद्याच्या गाडीचं पासिंग पहिली ८ वर्षं दर दोन वर्षांनी आणि नंतर दरवर्षी असतं. कागद मोबाइलवर डिजिलॉकरमध्ये ठेवले तरी चालतात, ते कायद्याने मान्य आहेत.

विम्याबद्दल नीट समजून घ्या. कायद्याने सक्तीचा आहे तो थर्ड पार्टी विमा. तो आपल्या गाडीमुळे दुसऱ्याचं नुकसान झालं तर उपयोगी पडतो. पाण्यात आपली गाडी बिघडली तर त्यातून काही मिळत नाही. त्यासाठी पूर्ण विमा लागतो. आणि पाण्यात पुन्हा पुन्हा स्टार्टर मारून इंजिन मोडलं, तर पूर्ण विम्यातही इंजिनचं वेगळं संरक्षण घेतलेलं नसल्यास दावा बहुधा नाकारतात. माझं तेच झालं. कर्जाची गाडी असेल तर एजंटला हे दोन प्रश्न तोंडावर विचारा.

६) गॅरेजमध्ये

"ताई, तुम्हाला नाही समजायचं," हे मी ऐकलंय. एका ठिकाणी लायनर बदलल्याचे पैसे घेतले आणि पुढच्या महिन्यात दुसऱ्याने उघडलं तर जुनेच आत. तेव्हापासून चार नियम पाळते : काय बिघडलंय ते आपल्या शब्दांत सांगायचं, काय बदलायचं ते मेकॅनिकने सांगायचं. काम सुरू होण्याआधी खर्च कागदावर. काढलेला जुना भाग हातात मागायचा. बिल घ्यायचं आणि वहीत चिकटवायचं. वर्षभराची वही झाली की कुठला खर्च परत परत येतोय ते आपोआप दिसतं. चांगला मेकॅनिक असे प्रश्न विचारल्याने रागावत नाही, हेही अनुभवाने सांगते.

७) दुरुस्ती निधी

हे सगळ्यात महत्त्वाचं. १ फेब्रुवारी २०२५ पासून मुंबईत रिक्षाचं किमान भाडं २६ रुपये आहे. मी रोजच्या पहिल्या दोन किमान भाड्यांना हात लावत नाही. ५२ मधले ५० रुपये डब्यात जातात. हिशेब बघा :

रोज ५० रुपये × महिन्याचे २५ दिवस = १,२५० रुपये
१,२५० × १२ महिने = १५,००० रुपये

हे पैसे कमाई नव्हेत. झिजलेल्या लायनरचे, टायरचे, विम्याचे पैसे आपण रोज वापरत असतो, फक्त बिल उशिरा येतं. हा डबा आधीपासून असता तर माझं इंजिन त्यातून झालं असतं आणि जाऊबाईंना खाली बघावं लागलं नसतं. आता ही रक्कम मी दर महिन्याला त्यांच्याकडे पाठवते आणि त्या गटात ऐच्छिक बचत म्हणून भरतात. चुकलेले दोन हप्ते मी दंडासकट फेडले. गटाने आता ठराव केलाय : गाडीसाठी कर्ज घेणाऱ्या सदस्येने दुरुस्तीची बचत वेगळी दाखवायची. माझ्यामुळे झाला म्हणून थोडी लाज वाटते, पण ठराव योग्यच आहे.

बैठकीत चर्चेसाठी

१. आपल्या गटाच्या कर्जातून किती गाड्या आल्या आहेत? त्या कोण चालवतं?
२. त्यांच्या विमा, पासिंग, पीयूसी आणि हायड्रो टेस्टच्या तारखा सदस्येला माहीत आहेत का?
३. गाडी पंधरा दिवस बंद राहिली तर हप्ता कुठून जाईल?
४. आपल्या रस्त्यावर पावसाळ्यात पाणी कुठे चढतं? तिथे थांबायची खूण कोणती धरायची?

तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर ज्यांच्याकडे नाही, त्यांनी याच बैठकीत डबा ठरवावा. रक्कम दहा रुपये असली तरी चालेल, आपला गटही अशाच छोट्या रकमेने सुरू झाला होता.