पंखा थांबलाय म्हणून घाबरू नकोस

अगं, ग्राफिक्स कार्डाचे पंखे फिरत नाहीत म्हणून लगेच दुकानात पळू नकोस. हल्लीची बरीच कार्डं ५०-६० अंशांपर्यंत पंखे मुद्दामच बंद ठेवतात. ब्लेंडरमध्ये रेंडर लाव, पाच मिनिटं थांब. तेव्हाही पातं हललं नाही, तर मामाला फोन कर.

खरा वैताग वेगळाच. पंखा घोंघावतो, थांबतो, पुन्हा घोंघावतो. तापमान त्या उंबरठ्यावर घुटमळत असलं की हे असं होतं. एमएसआय आफ्टरबर्नरमध्ये पंख्याचा आलेख स्वतः काढ. सुरुवातीलाच ३० टक्के वेग दे, ७० अंशांना ६० टक्के, ८० च्या पुढे हात आखडू नकोस. तिथंच हिस्टेरेसिसचा रकाना आहे, त्यात चार-पाच अंश भर. मग तापमान तेवढं उतरल्याशिवाय वेग कमी होत नाही. मंद आवाज सतत राहील, पण त्याची कानाला सवय होते. चालू-बंदची कधीच होत नाही.

मात्र नुसता वेग वाढवत बसणं मला पटत नाही. उष्णताच कमी होऊ दे की! पॉवर लिमिट ८० टक्क्यांवर आण. रेंडर थोडं रेंगाळेल, पण बहुतेक कार्डांत वेग काही २० टक्क्यांनी घटत नाही.

मग कॅबिनेट. बाजूचं झाकण काढून तेच रेंडर पुन्हा चालव. तापमान आठ-दहा अंश उतरलं, तर कार्डाचा दोष नाही, हवा कोंडतेय. टेबलाच्या कप्प्यातून कॅबिनेट बाहेर काढ. पुढून हवा आत, मागून बाहेर, एवढी वाट मोकळी हवी. त्यात आपल्या अकोल्याचा मे! खोली दहा अंशांनी तापली की कार्डही जवळपास तेवढंच तापतं. म्हणून मोठी रेंडरं रात्रीवर टाक. आणि कूलरचा झोत कॅबिनेटवर सोडशील तर याद राख: ओली हवा, वर पाण्याचे शिंतोडे.

धूळ काढताना आधी प्लग काढ. ब्लोअर मारताना पातं बोटानं धरून ठेव, नाहीतर ते भलत्याच वेगानं फिरतं आणि बेअरिंगची वाट लागते. थर्मल पेस्टच्या भानगडीत इतक्यात पडू नकोस. हॉटस्पॉट (चिपवरची सगळ्यात तापलेली जागा) कार्डाच्या तापमानापेक्षा २५-३० अंश वर राहायला लागला तर बघू, तेही वॉरंटीचा कागद वाचून.