इंग्लंडांतील खेडें व त्यांतील घराण्यांचा शोध

राष्ट्राचा इतिहास म्हणजे राजांचा व लढायांचा वृत्तांत, असा पुष्कळांचा समज असतो. मग ज्यांनीं जमीन नांगरली व ज्यांनीं फाळ घडविले, त्यांचीं नांवें कोठें शोधावीं? हाच प्रश्न आम्ही विद्यार्थ्यांपुढें ठेवितों.

इ. स. १०८६ मध्यें पहिल्या विल्यम राजानें इंग्लंडची पाहणी करविली. ‘डूम्सडे बुक’ नांवाच्या त्या दप्तरांत गांवोगांवचे नांगर, पाणचक्क्या व कुरणें नमूद आहेत. जमिनीच्या धन्याचें नांव आहे. शेतकऱ्यांची मात्र बहुधा नुसती मोजदाद आहे. पुढें १५३८ मध्यें आठव्या हेन्रीचा मंत्री थॉमस क्रॉम्वेल ह्यानें प्रत्येक पॅरिशमध्यें बाप्तिस्मा, विवाह व दफन ह्यांची नोंद ठेवण्याचा हुकूम काढला. तेव्हांपासून दरिद्री मजुरासही उपासनामंदिराच्या वहींत निदान तीन ओळी मिळूं लागल्या.

ह्या ओळी रुक्ष दिसतात. परंतु त्या वाचावयास शिकलें पाहिजे. १७५४ पासून वधूवरांनीं विवाहाच्या नोंदीखालीं सही करावी, असा नियम झाला. लिहितां न येणारे फुली करीत. एकाच घराण्यांत आजोबांची फुली, पुत्राची वेडीवांकडी सही व नातवाचें वळणदार अक्षर आढळलें, तर त्या गांवीं शाळेनें काय केलें हें निराळें सांगावयास नको. तसेंच एका महिन्यांत दफनांची रांग लागली, तर तेथें रोगाची सांथ आली असावी असें अनुमान निघतें. डर्बीशर परगण्यांतील ईम गांवीं १६६५-६६ मध्यें प्लेग झाला, तेव्हां रोग बाहेर पसरूं नये म्हणून गांवकऱ्यांनीं आपल्याच गांवाची सीमा बंद केली. ऑगस्ट १६६६ मध्यें तेथील एका स्त्रीनें आठ दिवसांत पति व सहा मुलें पुरलीं.

वंशाचा शोध नेहमीं ज्ञाताकडून अज्ञाताकडे, म्हणजे आजपासून मागें, करावा. प्रथम घरांतील वृद्धांस विचारावें. नंतर १८४१ पासूनच्या शिरगणतीचे कागद, १८३७ मध्यें सुरू झालेली सरकारी जन्ममृत्यूची नोंद व शेवटीं पॅरिशची वही पाहावी. एकाच गांवांत एका नांवाचे चार जॉन असूं शकतात. म्हणून नामसादृश्य म्हणजे नातें असें मानूं नये. सतराव्या शतकांतील यादवीच्या काळांत पुष्कळ वह्यांत खंड पडला आहे. तो कल्पनेनें भरूं नये; रिकामाच ठेवावा.

कित्येक लोक आपला मूळपुरुष सरदार निघावा ह्या आशेनें शोधास लागतात, व बहुधा शेतमजुरापाशीं येऊन थांबतात. आमच्या मतें तेथें निराश होण्याचें कारण नाहीं. ज्याच्या श्रमावर गांव उभें राहिलें, त्याचें नांव सांपडणें हाच त्या परिश्रमाचा लाभ होय.